वैद्याची पारख : एक प्रस्तावना

शहापूरच्या एसटी स्टँडवर किंवा मुरबाडच्या बाजारपेठेत उभं राहून ‘इकडं चांगला वैद्य कोण आहे हो?’ असं विचारून पाहा. समोरचा माणूस आधी उलट विचारेल, ‘काय होतंय?’ कावीळ म्हणालात तर एका पाड्याचं नाव सांगेल. हाड मोडलंय म्हणालात तर दुसऱ्याच गावचा पत्ता देईल. मूतखडा म्हणालात तर डोळखांबच्या पुढं राहणाऱ्या कुण्या म्हाताऱ्याकडं बोट दाखवेल. ताप चार दिवस हटत नाही म्हणालात, तर बहुधा म्हणेल, ‘मग सरकारी दवाखान्यातच न्या.’ सगळ्या दुखण्यांवर चालणारा वैद्य मात्र तो सांगणार नाही, कारण असा वैद्य असतो यावर इकडच्या माणसाचा विश्वासच नाही.

त्या उलट प्रश्नात या पुस्तिकेची सगळी मांडणी आहे. आयुर्वेद श्रेष्ठ की ॲलोपॅथी, गावठी औषध खरं की थोतांड, चिनी सुया काम करतात की नाही, हे वाद शहरात रंगतात आणि ज्याचं त्याचं मत होतं तिथंच राहतं. आजारी माणसाला त्यांचा काही उपयोग नाही. या दुखण्यासाठी या माणसाकडं गेलो तर फायदा किती, धोका किती आणि गुण आला नाही तर तिथून कधी उठायचं, एवढंच त्याला कळायला हवं असतं. अख्खी पद्धत एकदम पास किंवा नापास करता येत नाही. एकेक उपाय एकेका आजारापुढं ठेवूनच तपासावा लागतो. तो कसा तपासायचा, याची ओळख या प्रस्तावनेत करून द्यायची आहे.

आधी इथं उपचार करणारे कोण कोण आहेत ते पाहू. म ठाकूर, क ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली यांच्या वाड्यापाड्यांवर झाडपाल्याचं औषध देणारा एखादा तरी जाणता माणूस असतो. त्याला कुणी वैदू म्हणतं, कुणी नुसतंच ‘औषध देणारा’. हाडवैद्य वेगळा. तो आदिवासीच असतो असं नाही, कुणबी आणि आगरी घरांतही ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सुईण वेगळी. भगत आणखी वेगळा. तो अंगारा देतो, उतारा सांगतो, देवाला कौल लावतो. मात्र पुष्कळदा वैदू आणि भगत एकच असतो. सकाळी मुळी उगाळून देणारा माणूस रात्री घुमायलाही बसतो, तेव्हा त्याच्याकडं गेल्यावर आपण त्याच्या कुठल्या विद्येसाठी आलो आहोत हे आपणच नीट ठरवलेलं असावं. यात्रांमध्ये आणि आठवडी बाजारांत पोतडी मांडून मुळ्या विकणारे भटक्या वैदू जमातीचे लोक दिसतात. त्यांचा गावाशी कायमचा संबंध नसतो, आणि हा फरक पुढं महत्त्वाचा ठरणार आहे.

याशिवाय बाजारगावांत बीएएमएस आणि होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. त्यांतले बरेच जण व्यवहारात गोळ्या, इंजेक्शन आणि सलाईनच देतात. पदवीचा पत्ता नसलेले, पण पाटीवर ‘डॉक्टर’ लिहिणारेही अधूनमधून सापडतात. आणि अलीकडं कल्याण-ठाण्याकडं सुया टोचून घ्यायला जाणारेही भेटू लागले आहेत. गुडघे, कंबर, मान, अर्धशिशी अशी दुखणी घेऊन लोक तिकडं जातात. ‘आपल्या भागात कुणी चिनी वैद्य आहे का’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. त्याचं उत्तर आधी देऊन टाकू, कारण देशी उपचारांची पारख करायलाही त्यातून बरंच शिकण्यासारखं आहे.

चीन आणि मराठी माणूस यांचं वैद्यकीय नातं निघालं की पहिलं नाव येतं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथं शल्यचिकित्सक म्हणून राबले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच वारले. सुयांची विद्या भारतात आणण्याचं श्रेय त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू यांच्याकडं जातं. १९५० चं दशक सरत असताना ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी कोलकात्यात उपचार सुरू केले. महाराष्ट्रानं पुढं या उपचारासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि ॲक्युपंक्चर परिषदेमार्फत नोंदणीची सोय झाली. २०१९ मध्ये केंद्रानंही ही उपचारपद्धती मान्य केली.

परंतु मान्यता आहे ती सुयांना. चीनमध्ये पारंपरिक वैद्यक म्हणजे सुया, नाडी पाहून दिलेले काढे, दवण्याच्या जातीतल्या पाल्याचा शेक आणि पथ्य असा सगळा संसार असतो. त्यातल्या काढ्यांना आपल्याकडं कायदेशीर आधार नाही, कारण आयुष मंत्रालयाच्या पद्धतींमध्ये चिनी औषधी येत नाहीत. म्हणून शहापूर-मुरबाडच्या माणसाला ‘चिनी वैद्य’ शोधायचा तर शोधायचा तो परिषदेकडं नोंदणी असलेला ॲक्युपंक्चरवाला. नोंदणी क्रमांक विचारायचा. सुया पाकीट आपल्यासमोर फोडून काढलेल्या आणि एकदाच वापरायच्या आहेत का ते पाहायचं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा पोटात मूल असेल तर आधी सांगायचं. आणि तोच जर चिनी वड्या, पुड्या देऊ लागला, तर ‘हे कुणाच्या परवान्यानं?’ असं विचारायला लाजायचं नाही.

सुयांनी गुण येतो का? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ साली छापून आले. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा खऱ्या ॲक्युपंक्चरनं ४७.६ टक्क्यांना बरं वाटत होतं. नेहमीच्या गोळ्या आणि व्यायामानं बरं वाटलेले होते २७.४ टक्के. म्हणजे सुया सरस ठरल्या. पण तिसऱ्या एका गटाला ठरलेल्या जागा सोडून भलत्याच ठिकाणी, वरवर सुया टोचल्या होत्या. त्यांच्यातल्याही ४४.२ टक्क्यांना बरं वाटलं! सुई कुठल्या बिंदूवर टोचली याला फारसं महत्त्व नव्हतं असा याचा अर्थ होतो. कुणीतरी वेळ देऊन बसलं, अंगाला हात लावला, दुखणं ऐकून घेतलं आणि ‘बरं होईल’ असा भरवसा दिला, यानंच बराच फरक पडला. दुखणं रोग्याला खरंच कमी झालं होतं. त्याचं श्रेय मात्र बिंदूंच्या नकाशाला देता येत नाही.

ही गोष्ट आपल्या वैदूलाही तंतोतंत लागू पडते. त्याच्याकडं रांग नसते. ‘पुढचा’ म्हणून कुणी ओरडत नाही. तो ठाकरी-कातकरी बोली बोलतो, घरच्यांची नावं विचारतो, खाण्यापिण्याचं पथ्य सांगतो आणि नारळ, तांदूळ किंवा खुशीनं द्याल ते घेतो. दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून, केसपेपरच्या खिडकीशी ताटकळत बसायचं आणि दोन मिनिटांत बाहेर यायचं, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना वैदू जवळचा का वाटतो हे वेगळं समजावून सांगायला नको. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला तर महिन्याच्या महिन्याला तपासणीला या म्हणणारा दवाखाना पेलतच नाही. जुनं अंगदुखणं, लचक, साधा खोकला, खाज, अपचन अशा दुखण्यांत हा जवळचा माणूस खरोखर उपयोगी पडतो. त्याच्या उपचारातला हा मोठा भाग आहे आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही.

आता झाडपाल्याकडं वळू. टोकावड्याकडच्या एका ठाकूरवाडीतले आजोबा कुड्याची साल काढायला निघाले होते, त्यांच्यामागून जायला मिळालं. वाटेत त्यांनी दोन झाडं दाखवली. दोन्हींचं पान तोडलं की चीक येतो, दोन्हींना पांढरी फुलं, दोन्हींच्या लांब शेंगा जोडीजोडीनं लोंबतात. आजोबांनी दोन्हींच्या वाळल्या शेंगा फोडून एकेक बी तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, ‘चावा.’ एक इतकं कडू की थुंकावंच लागलं. दुसऱ्यात कडवटपणा नव्हता. ‘कडू तो पोटाचा. दुसरा काळा कुडा, तो नाय चालत.’ मग कोयत्यानं खोडाच्या एकाच बाजूची हातभर साल सोलली. खोडाभोवती वेढा घेतला नाही. तसं केलं तर झाड वाळतं. ‘पुढल्या साली पोट दुखलं तर कुठं जाऊ?’

असा काटेकोरपणा पुस्तकी माणसाला साधत नाही. आणि कुड्याच्या सालीला नुसता मान आहे असंही नाही. तिच्यातलं कोनेसिन हे द्रव्य आमांश करणाऱ्या अमिबावर काम करतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरही कुड्यापासून केलेली औषधं आमांशाला देत. पण तान्ह्या मुलाला पाण्यासारखे जुलाब होतात तेव्हा त्याचा जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यानं. तिथं सालीचा उपयोग नाही, मीठसाखरेचं पाणी, ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या लागतात. साल तीच, वैदू तोच, पण दुखणं बदललं की उत्तर बदलतं.

झाडात औषध असणं आणि त्या झाडाचा पाला हेच औषध असणं, यांतही फरक आहे. चीनच्या तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी. चौथ्या शतकातल्या ग हुंग यांच्या ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितली आहे, उकळायला नाही. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेनं औषधाचा गुण जात असावा. मग त्यांनी कमी तापमानाला इथर वापरून अर्क काढला, आणि तो लागू पडला. जुन्या ग्रंथानं वाट दाखवली, पण त्यापुढं द्रव्य वेगळं काढणं, मात्रा ठरवणं आणि रोग्यांवर तपासणं हे सगळं करावंच लागलं. आज फाल्सिपेरम मलेरियाला सरकारी दवाखान्यांत दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत त्याच औषधाचं सुधारलेलं रूप असतं. त्याऐवजी पाल्याचा काढा पिऊन मलेरिया अंगावर काढणारा माणूस आजही जिवाशी खेळत असतो.

दुसरं उदाहरण आपल्या आणखी जवळचं आहे. कॅन्सरवरच्या काही औषधांचं मूळ असलेलं कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य एका चिनी झाडातून १९६६ साली वेगळं काढण्यात आलं. ते काढणाऱ्या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांपैकी मनसुख वाणी यांचा जन्म आपल्या नंदुरबारचा. तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात पुढं सापडलं, आणि मग या झाडाची चोरटी तोड इतकी झाली की वनखात्याला धाडी घालाव्या लागल्या. ‘नरक्यानं कॅन्सर बरा होतो’ असं ऐकून कुणी त्याचं लाकूड उगाळून पाजत असेल तर ते भयंकर आहे. कच्चं कॅम्प्टोथेसिन विषारी असतं आणि औषध म्हणून वापरतात ती त्याची सुधारलेली रूपं. अडुळशाची गोष्ट मात्र बरीच सरळ आहे. खोकल्याच्या बाटल्यांत सापडणारं ब्रोम्हेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलं गेलं आहे. साध्या खोकल्याला अडुळसा घ्यायला हरकत नाही. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर मात्र बेडका तपासून घ्यायचाच. क्षयाला अडुळसा पुरत नाही.

झाडपाल्याचं औषध म्हणजे निदान अपाय तरी नाही, हा समज सगळ्यांत पक्का आहे आणि सगळ्यांत घातकही आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी मुळ्यांची पूड घेतलेल्या शंभरहून अधिक बायकांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. एका मुळीच्या जागी नावाच्या गोंधळानं ॲरिस्टोलोकिया कुळातली मुळी आली होती. या कुळातलं आम्ल मूत्रपिंड नासवतं आणि कॅन्सरही करतं, हे आता निर्विवाद आहे. याच कुळातली ईश्वरी, म्हणजे सापसण, आपल्या रानात आहे आणि तिची मुळी सर्पदंशावर, पोटदुखीवर आजही उगाळून देतात. ती घेतल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी आजारी पडत नाही. नुकसान व्हायला वर्षं लागतात. म्हणून देणाऱ्यालाही ते कळत नाही आणि घेणाऱ्यालाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाची ही मर्यादा आहे. आज दिलेल्या औषधाचा तासाभरात किंवा आठवड्यात दिसणारा परिणाम त्या अनुभवात चोख नोंदला जातो. दहा वर्षांनी दिसणारा निसटतो.

गुळवेलीचं प्रकरण तर आपल्या दारातलंच आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या कंपन्यांना विकण्याचा धंदा उभा केला. वनधन योजनेत केंद्र सरकारनं त्यांचं उदाहरण देशापुढं ठेवलं, आणि वीटभट्टीला जाणाऱ्या हातांना गावातच काम मिळालं. करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळू लागले, तेव्हा गुळवेलीला सोन्याचे दिवस आले. त्याच काळात, २०२० च्या अखेरीस, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडं गुळवेल घेतलेले सहा रोगी यकृताला सूज येऊन दाखल झाले. त्यांच्याबद्दलचा लेख २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली. वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. वादात पडण्यापेक्षा आपण दोन्ही बाजूंकडून धडा घ्यावा. गुळवेलीच्या जातीत दिसायला जवळच्या वेली आहेत. एकीच्या पानाच्या मागं लव असते, एकीच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे दाटीनं असतात. तेव्हा वेल ओळखणाऱ्याच्याच हातची घ्यावी. आणि चांगल्या वेलीचाही काढा महिनोन्‌महिने रोज घेऊ नये. यकृताचं जुनं दुखणं किंवा संधिवातासारखा आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही.

कावीळ हा तर वैदूंच्या ख्यातीचा गाभा. मुंबई-ठाण्याहून गाड्या करून लोक काविळीचं औषध घ्यायला येतात. इथं एक साधी गोष्ट लक्षात ठेवायची. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुसंख्य रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. विश्रांती आणि हलकं जेवण एवढं पुरतं. जो उतरणारच होता त्याला उतरवणाऱ्याचं नाव होतं. म्हणून ‘शंभरांतले नव्वद बरे झाले’ या आकड्याला एकट्यानं अर्थ नाही, औषध न घेता किती बरे झाले असते हा दुसरा आकडा शेजारी लागतो. काविळीवर देतात त्या भुईआवळीची परीक्षा अशाच तुलनेनं झाली. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की हेपटायटिस बी अंगात बाळगणाऱ्यांपैकी भुईआवळी घेतलेल्या ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. औषध नसलेली नुसती पुडी घेतलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. जगभर खळबळ उडाली. मग इतरांनी तेच प्रयोग केले आणि तसा गुण काही दिसला नाही. भुईआवळी तूर्तास तिथंच आहे. बरं करते हे सिद्ध नाही, आणि फार अपाय करते असंही नाही.

पण काविळीच्या नावाखाली बरंच काही चालतं. नाकात थेंब टाकून पिवळं पाणी गाळणारे कडू फळाचा तिखट रस वापरतात. पाणी झिरपतं ते नाकाच्या आतली त्वचा भाजल्यामुळं. चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावून पाणी पिवळं करून दाखवणारे आधी हाताला आंब्याच्या सालीची पूड लावतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग शाळाशाळांत करून दाखवतात. हात कुणाचेही असोत, पाणी पिवळंच होतं. काविळीत गुंगी येणं, बडबडणं, रक्त पडणं, उलट्या न थांबणं किंवा बाई गरोदर असणं, यांतलं काहीही दिसलं तर एक दिवसही वाट पाहायची नाही. नवजात बाळाची कावीळ वाढत असेल तर तेच.

हाडवैद्याच्या बाबतीत घड्याळ आणखी जवळ असतं. लचक, मुरगळ, सांधा आखडणं यांत जुन्या हाताला खरंच गुण असतो. बांबूच्या कामट्या बांधून साधं हाड तो जुळवतोही. पण पट्टी बांधल्यावर बोटं गार पडली, काळीनिळी झाली, मुंग्या आल्या किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी चढत गेलं, तर पट्टी त्याच क्षणी सोडायची. रक्त अडून हात कायमचा निकामी व्हायला काही तास पुरतात. हाड कातडीबाहेर आलं असेल, कोपराजवळ मोडलं असेल किंवा मार डोक्याला-मणक्याला असेल, तर मुळात तिकडं जायचंच नाही. एक्स-रे काढून मग हाडवैद्याकडं जाणारे लोक आता वाढले आहेत. ही चांगली सवय आहे.

सर्पदंशाला मात्र जंगलात औषधच नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालणारी प्रतिसर्पविषाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. भगताच्या हातून माणसं वाचतात, कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. जी माणसं आपोआप वाचणार होती त्यांची गोष्ट गावभर होते, जी गेली त्यांचं आयुष्य ‘संपलंच होतं’. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दाताची खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या मिटू लागतात. अशा वेळी मुळीत आणि मंत्रात घालवलेला एक तास परत मिळत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. विंचवाच्या बाबतीत तर कोकणानं जगाला शिकवलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण दवाखान्यात रोग्याच्या उशाशी रात्री जागून लाल विंचवाच्या विषाचा हृदयावरचा परिणाम टिपला. रक्तदाबाच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीनं माणसं वाचतात हेही त्यांनी दाखवून दिलं. गावात राहून, बारकाईनं पाहून मिळवलेली विद्या ती हीच. फक्त तिथं वाचलेल्यांबरोबर गेलेल्यांचीही नोंद ठेवली होती.

मग चांगला वैदू ओळखायचा कसा? पहिली खूण, तो गावातच राहतो. चुकला तर उद्या त्याच वाटेवर रोग्याच्या घरच्यांना तोंड द्यावं लागेल, ही जाणीव फिरत्या विक्रेत्याला नसते. दुसरी, तो झाड दाखवतो किंवा निदान त्याचं नाव सांगतो. पुडी बांधून ‘विचारू नका, विद्या जाईल’ म्हणणाऱ्याकडून पोटात घ्यायचं औषध घेऊ नये. त्या पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असण्याचीही शक्यता असते. सांधेदुखी दोन दिवसांत गायब झाली की हा संशय आधी घ्यावा. तिसरी, तो डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगत नाही. मधुमेह, रक्तदाब, फिट आणि क्षय यांची औषधं थांबवायला सांगणारा माणूस, कितीही गोड बोलला तरी, टाळावा. आणि सगळ्यांत मोठी खूण, ‘तुम्ही कोणता आजार घेत नाही?’ या प्रश्नाचं त्याच्याकडं ताबडतोब उत्तर असतं. जाणत्या वैदूची यादी तयार असते. ‘माझ्याच्यानं नाय व्हायचं, याला दवाखान्यात न्या,’ हे वाक्य त्यानं आयुष्यात अनेकदा उच्चारलेलं असतं. ज्यानं ते कधीच उच्चारलं नाही, त्याच्याकडं जाऊ नये.

पुस्तिकेत कुठल्याही वैदूचं नाव किंवा पत्ता दिलेला नाही, याबद्दल काही वाचक नाराज होतील. त्यामागं कारणं आहेत. वैदूला कायद्यानं डॉक्टरचा दर्जा नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेची पारंपरिक उपचारकांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्राची योजना आहे, पण वाड्यापाड्यांपर्यंत ती कितीशी पोचणार! छापील यादीमुळं एखाद्या म्हाताऱ्याच्या दारात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागेल, आणि मग कुड्याची साल एका बाजूनं काढण्याची सवड राहणार नाही. औषधांचे पाठही मुद्दाम दिलेले नाहीत. ती विद्या त्या त्या समाजाची आहे. जैवविविधता कायद्याप्रमाणं ती ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत, त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्या अटींवर नोंदली जावी. नोंद व्हायला मात्र हवी. नातवंडं आश्रमशाळेत आणि तिथून आसनगावच्या लोकलनं कामाला जातात. साल काढायला आजोबांच्या मागून कुणी जात नाही. नुसतं संशोधन करून नेणाऱ्यांचा अनुभवही लोकांना चांगला नाही. ज्यांनी सांगितलं त्यांच्या हाती काही पडलं नाही, अशीच तक्रार जागोजागी ऐकायला मिळते.

पुढची प्रकरणं आजारवार लावली आहेत. प्रत्येकात तीनच भाग आहेत. घरी किंवा वैदूकडं काय करून पाहता येईल, किती दिवस पाहायचं, आणि कुठली खूण दिसली की थांबायचं नाही. औषधांची स्तुती किंवा निंदा शोधणाऱ्याला त्यात फारसं काही मिळणार नाही. वैदूंनी ही पुस्तिका वाचून घ्यावी, निदान कुणाकडून वाचवून घ्यावी, अशी फार इच्छा आहे. तालुक्यातल्या डॉक्टरांनीही ती वाचावी. रोगी आधी कुठं जाऊन आला हे रागावून विचारलं की तो खोटं सांगतो, आणि मग पोटात काय गेलं आहे ते कुणालाच कळत नाही.

शेवटच्या पानावर चार ओळी आहेत. पहिल्या ओळीवर रुग्णवाहिकेचा नंबर १०८ छापलेला आहे. उरलेल्या तीन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. त्यांवर आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, आशाताईंचा नंबर आणि रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या गावातल्या माणसाचा नंबर लिहायचा आहे. पुस्तिका वाचण्याआधी तेवढं करा.